सरदारजींवरचे विनोद आणि न्यायालयाचा न दिलेला निर्वाळा

सरदारजींवरचे विनोद निरुपद्रवी आहेत, कारण शीख स्वतःच ते सांगतात आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना मोकळीक दिली आहे, असा समज अनेक वर्षे रूढ आहे. त्याचे दोन्ही आधार कच्चे आहेत. खुशवंत सिंग यांनी विनोदांची पुस्तके काढली हे खरे, पण एका लेखकाने आपल्याच समाजाची केलेली थट्टा म्हणजे त्या समाजाने इतरांना दिलेली परवानगी नव्हे. २०१५ मध्ये बंदीची मागणी घेऊन न्यायालयात गेलेल्या वकील महिला शीखच होत्या, आणि या थट्टेमुळे आपल्या मुलांनाही अपमान सोसावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. नागरिकांच्या वर्तनासाठी नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, आणि दिले तरी त्यांची अंमलबजावणी कोण करणार, अशी भूमिका न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मांडली. ही स्वतःच्या अधिकाराची सांगितलेली मर्यादा होती. हे विनोद कोणाला दुखावत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिलेला नाही. ‘बारा वाजले का?’ हे वर्गात वारंवार ऐकणारा पगडीधारी मुलगा बहुधा एकटा असतो आणि चिडला तर आणखी चिडवला जातो, म्हणून तोही हसतो. त्या हसण्याला संमती समजणे मला सरळसरळ अन्याय वाटतो.