मीठ, गंधक आणि गिनीपिगचा श्वास

ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावावर धुके उतरले आणि सुमारे पाच दिवस हललेच नाही. गाव नदीच्या वळणावर, टेकड्यांच्या कुशीत. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला आणि जस्त-पोलादाच्या कारखान्यांचा धूर खाली कोंडला. २० माणसे दगावली, हजारो आजारी पडली. सरकारी चौकशीत मात्र कुठल्याही एकाच वायूवर बोट ठेवता आले नाही.

जीवरसायनात डॉक्टरेट मिळवलेल्या मेरी अ‍ॅमडर पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये रुजू झाल्या. कोळसा किंवा खनिज भाजताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि त्यापासून हवेत बनणारे सल्फ्युरिक आम्लाचे तुषार फुप्फुसाचे काय करतात, हा त्यांचा विषय. निरोगी माणसांना मुखवट्यातून काही मिनिटे हे तुषार दिले, तर श्वास उथळ आणि जलद होतो, हे त्यांच्या गटाने १९५२ मध्ये दाखवले. पुढचे निष्कर्ष निधी देणाऱ्या उद्योगाला रुचले नाहीत. शोधनिबंधावरून नाव काढून घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. हार्वर्डमध्येच शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे झालेले काम मला त्या धैर्याइतकेच मोलाचे वाटते.

त्या काळी विषारीपणा जोखायचा तो मुख्यतः प्राणी मेला का, यावरून. शहरातल्या हवेने गिनीपिग तासाभरात मरत नाही, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. अ‍ॅमडर आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरे मीड यांनी १९५८ मध्ये जाग्या गिनीपिगचा श्वसनरोध, म्हणजे श्वासनलिकांतून हवा जाताना होणारा अडथळा, मोजण्याची पद्धत मांडली. थोडी भूल देऊन द्रवाने भरलेली बारीक नळी छाती आणि फुप्फुस यांमधल्या पोकळीत बसवायची, प्राणी पूर्ण शुद्धीवर येऊ द्यायचा आणि त्याचे शरीर बंद पेटीत ठेवून तोंड मुखवट्यात ठेवायचे. छाती फुगली की पेटीतला दाब बदलतो, त्यावरून श्वासाचे आकारमान कळते. आकारमान किती वेगाने बदलते, यावरून हवेचा प्रवाह. नळी दाब सांगते. श्वास घेताना आणि सोडताना आकारमान सारखे असते अशा दोन क्षणांच्या दाबांतला फरक त्या क्षणींच्या प्रवाहांच्या बेरजेने भागला, की श्वासनलिकांचा रोध मिळतो.

यात चुकायला जागा पुष्कळ. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर दाबाची नोंद बोथट होते. नळी बसवताना छातीत हवा शिरली तर फुप्फुस आक्रसते. मलमूत्रातला अमोनिया आम्लात मिसळला तर आम्लाचे अमोनियम सल्फेट होऊन परिणाम उतरतो, आणि संशोधकाला वाटते आम्ल सौम्य आहे. प्राण्यागणिक रोध वेगळा असतो, म्हणून आधी स्वच्छ हवेतली नोंद घ्यायची आणि मग त्याच प्राण्याला तासभर वायू द्यायचा. तुलना त्याची त्याच्याशीच. गिनीपिगच निवडायचा, कारण त्याच्या श्वासनलिकांभोवती स्नायू भरपूर असतात आणि दमेकऱ्यासारख्या त्या चटकन आकुंचन पावतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहातला रोध १६ पट होतो.

नुसत्या सल्फर डायऑक्साइडने रोध बेताचाच वाढला. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे बराचसा नाकाच्या ओल्या अस्तरातच अडकतो. पण जोडीला मिठाचे अतिसूक्ष्म कण दिले, जे एकटे निरुपद्रवी होते, तेव्हा तेवढ्याच वायूने रोध कितीतरी वाढला. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला मीठ पाणी ओढून थेंब बनते, श्वासमार्गात तर आर्द्रता त्याहून जास्त. वायू त्या थेंबात शिरतो आणि नाक चुकवून खोल पोचतो. लोह, मँगनीज, व्हॅनेडियम यांचे विरघळणारे क्षार असले, तर वायूचे आम्लात रूपांतर होण्यास मदत होते. कोरड्या, न विरघळणाऱ्या धुळीने हे घडले नाही. म्हणजे धूळ किती यापेक्षा कसली आणि केवढ्या कणांची, हे महत्त्वाचे. तेवढ्याच वजनाचे कण एक मायक्रॉनऐवजी (मिलिमीटरचा हजारावा भाग) ०.१ मायक्रॉनचे केले, तर संख्या हजारपट आणि पृष्ठभाग दहापट होतो.

१९७७ नंतर एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी ज्वलन-अभियंत्यांबरोबर भट्टीतूनच जस्ताच्या ऑक्साइडचे असे कण काढले. त्यांवर सल्फ्युरिक आम्लाचा नुसता लेप होता, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतका. तरी फुप्फुसांवर परिणाम झाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

चंद्रपूर किंवा कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांतूनही सल्फर डायऑक्साइड आणि धातूंचे सूक्ष्म कण एकत्रच निघतात. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतो आणि त्यांतला सर्वांत मोठा तेवढा जाहीर करतो. मिश्रणाचा हिशेब त्यात नाही. सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे, तीही सरासरी. अ‍ॅमडर यांच्या गिनीपिगचा रोध पहिल्या तासाभरातच वाढत असे.