'=' आणि लाइक: 'तेच आहे का' आणि 'तसे आहे का' या दोन प्रश्नांतला फरक

नागपुरात डेटाबेसचे वर्ग घेताना पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न हमखास येतो. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत अट घालताना '=' लिहिले तरी ओळ मिळते आणि लाइक (LIKE) लिहिले तरी तीच ओळ मिळते, मग दोन वेगळे ऑपरेटर, म्हणजे तुलनेच्या खुणा, हव्यात कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण ज्या उदाहरणावरून तो सुचतो त्यात खरोखरच फरक दिसत नाही. तालुक्यांच्या टेबलवर नाव = 'काटोल' अशी अट घातली काय किंवा नाव लाइक 'काटोल' अशी घातली काय, उत्तर एकच येते.

फरक उजव्या बाजूच्या मजकुराकडे पाहण्याच्या रीतीत आहे. '=' त्या मजकुराला मूल्य मानतो आणि डावीकडे तेच मूल्य आहे का, एवढेच तपासतो. लाइक त्याला नमुना मानतो. नमुन्यातील % म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यसुद्धा, आणि _ म्हणजे नेमके एक अक्षर. नागपूर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांच्या टेबलवर नाव लाइक 'क%' लिहिले की काटोल, कळमेश्वर, कामठी आणि कुही या ४ ओळी येतात, 'का%' लिहिले की काटोल आणि कामठी एवढ्या २ उरतात, आणि नाव = 'क%' लिहिले तर एकही येत नाही, कारण 'क%' नावाचा तालुका नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी _ च्या बाबतीत विशेष सावध राहावे. 'संत्रा' या शब्दात आपल्या डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, म्हणून विद्यार्थी दोन _ लिहितात आणि ओळ का मिळत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. डेटाबेसच्या लेखी मात्र त्यात स, अनुस्वार, त, पाय मोडल्याची खूण, र आणि काना अशी ६ चिन्हे आहेत, म्हणून नमुन्यातही ६ वेळा _ लागतो. मजकुरातला खरा % शोधायचा असेल, उदाहरणार्थ सोयाबीनच्या नोंदीतला 'ओलावा १२%', तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या % च्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी.

शोधासाठी लाइक चांगलाच आहे. तो पासवर्डपाशी गेला की घात होतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावाची नोंदवही म्हणून एक प्रकल्प केला होता. अडत्याचे नाव शोधण्याच्या पानावर त्याने लाइक वापरला होता, तो उत्तम चालत होता, आणि तीच अट त्याने लॉगिनच्या पानावर उचलून ठेवली: वापरकर्ता लाइक अमुक आणि पासवर्ड लाइक तमुक. मी दोन्ही चौकटींत फक्त % टाइप करून एंटर दाबले. टेबलमधील सगळ्याच ओळी अटीत बसल्या, प्रोग्रॅमने त्यातली पहिली घेतली, आणि ती ॲडमिनची होती.

त्याला खरा धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. इंजेक्शनचा हल्ला, म्हणजे चौकटीत टाइप केलेल्या मजकुरातून क्वेरीच (डेटाबेसला विचारलेला प्रश्नच) बदलून टाकणे, टाळण्यासाठी त्याने प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरले होते, म्हणजे टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत न चिकटवता पॅरामीटर म्हणून पाठवला होता, आणि तरीही दार उघडले. याचे कारण नीट समजून घ्यावे. पॅरामीटर मजकुराला क्वेरीचा भाग होण्यापासून रोखतो, पण तो मजकूर लाइकच्या उजव्या बाजूला पोहोचल्यावर नमुना म्हणूनच वाचला जातो. तिथे इंजेक्शन झालेलेच नव्हते. चुकीचा प्रश्न अगदी सुरक्षित मार्गाने विचारला गेला होता.

मग '=' लावला की झाले, असे वर्गातून लगेच उत्तर येते. वापरकर्त्याच्या नावासाठी ते बरोबर आहे, पासवर्डसाठी नाही. एक तर '=' स्वतःसुद्धा आपण समजतो तितका काटेकोर नसतो. मायएसक्यूएल ८.० च्या मूळ कोलेशनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत, इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा भेद मानला जात नाही, त्यामुळे पासवर्डमधले मोठे अक्षर लहान करून टाइप केले तरी '=' दोन्ही मूल्ये समान ठरवतो; पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एरवी तसे होत नाही. दुसरे आणि अधिक गंभीर कारण असे की, '=' ने तुलना करता यावी म्हणून पासवर्ड जसाच्या तसा साठवावा लागतो आणि टेबल एकदा बाहेर गेले की सगळ्यांचे पासवर्ड उघडे पडतात.

म्हणून पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली खूण, साठवतात. हॅशवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. मात्र साधा हॅश पुरत नाही, कारण एकसारख्या पासवर्डचा हॅशही एकसारखाच येतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे जे पासवर्ड बाहेर पडले, ते सॉल्टविना, म्हणजे हॅश करण्याआधी कोणताही यादृच्छिक मजकूर न मिसळता, एसएचए-१ या पद्धतीने हॅश केलेले होते, आणि म्हणूनच अंदाजाचे शब्द हॅश करून जुळवत ते झपाट्याने शोधून काढता आले. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या बीक्रिप्ट या हॅश पद्धतीत प्रत्येक वेळी नवा सॉल्ट मिसळला जातो आणि गणित मुद्दाम संथ ठेवलेले असते. हा संथपणा ठरवणारा आकडा, म्हणजे कॉस्ट, १ ने वाढवला की श्रम दुप्पट होतात.

याचा थेट परिणाम ऑपरेटरवर होतो. तोच पासवर्ड पुन्हा हॅश केला तरी सॉल्ट बदलल्यामुळे उत्तर वेगळे येते, तेव्हा टाइप केलेल्या पासवर्डचा नवा हॅश करून '=' लावला तर तो कधीच जुळणार नाही. साठवलेल्या हॅशमध्येच त्याचा सॉल्ट असतो; तो वाचून पडताळणी करण्याचे काम प्रोग्रॅममधील फंक्शनचे आहे, आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत असे फंक्शन ५.५ आवृत्तीपासून तयार मिळते. जुन्या नोट्समध्ये यासाठी मायएसक्यूएलचे पासवर्ड नावाचे फंक्शन दिसते. ते डेटाबेसच्या स्वतःच्या खात्यांसाठी होते, आपल्या ॲपच्या वापरकर्त्यांसाठी नव्हे, आणि ८.० मध्ये ते काढून टाकले आहे.

बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो, त्यामुळे ५० चा कॉलम ठेवला तर तो त्यात मावणार नाही. शिवाय बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असल्याने २४ चिन्हांनंतरचा मराठी मजकूर बहुधा मोजलाच जात नाही. 'संत्रा' एवढ्या शब्दातच त्यातील १८ बाइट खर्च होतात.

त्या विद्यार्थ्याने लॉगिनची अट नव्याने लिहिली तेव्हा तिच्यात पासवर्डचा उल्लेखच उरला नाही. वापरकर्ता = अमुक, एवढ्या अटीवर एक ओळ येते, तिच्यातील हॅशची पडताळणी पीएचपी करते, आणि अडत्याचे नाव शोधण्याच्या पानावर लाइक पूर्वीसारखाच आहे.