एका खातेदाराची बाकी, तीन टेबले आणि जॉइन
(‘स्वतःचा रिपोर्ट’ वापरणाऱ्या कृषी सेवा केंद्रांसाठी माहितीपत्रक)

आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘स्वतःचा रिपोर्ट’ ही सोय दिल्यापासून बऱ्याच दुकानांतली मंडळी स्वतः क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागणारा मजकूर) लिहू लागली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण मार्च जवळ आला की फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, “साहेब, बाकी जुळत नाही.” तपासायला बसलं की बहुतेक वेळा बिलंही बरोबर असतात आणि पावत्याही. चूक झालेली असते ती टेबलं एकमेकांना जोडताना.

हाताने लिहिलेली रोजकीर्द ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘खा. पा.’ हा अरुंद रकाना आठवत असेल. त्यात खातेवहीतल्या पानाचा नंबर असतो. नोंद कीर्दीत, माणसाचं खातं दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्यांना बांधणारा तेवढा एक आकडा. डेटाबेसमध्ये हेच काम खातेक्रमांक करतो. ‘खातेदार’ टेबलात नाव, गाव, फोन एकदाच लिहिलेला असतो. ‘बिले’ आणि ‘जमा’ या टेबलांत फक्त खातेक्रमांक, तारीख आणि रक्कम. शेतकऱ्याने फोन बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करायची. माहिती अशी सुट्या टेबलांत ठेवून मूल्यांच्या आधारे जोडायची, ही मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली केली. आज तुमच्या काउंटरवरचा प्रोग्रॅमही त्याच पायावर उभा आहे.

आता जोडणी. नुसतं जॉइन लिहिलं की ते इनर जॉइन असतं. दोन्ही टेबलांत ज्याची नोंद सापडते तेवढाच माणूस रिपोर्टात येतो. खातेदार आणि जमा असे जोडले तर ज्याने वर्षभरात एक रुपयाही दिलेला नाही तो यादीतून गायब होतो. वसुलीच्या यादीत सगळ्यात आधी हवा असतो तोच! म्हणून येणे बाकीच्या रिपोर्टात लेफ्ट जॉइन वापरा. डावीकडचे सगळे खातेदार राहतात आणि जमा नसेल तिथे नल, म्हणजे ‘नोंदच नाही’ अशी खूण, येतं. नल म्हणजे शून्य नव्हे. नऊ हजारांतून नल वजा केलं तर उत्तरही नलच येतं आणि बाकीचा रकाना कोरा दिसतो. त्यासाठी कोअलेस हे फंक्शन आहे. नल आलं तर त्याजागी शून्य धर, असं ते सांगतं.

इथे आणखी एक खड्डा आहे. लेफ्ट जॉइन केलं आणि खाली व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटीत, “जमा तारीख 1 एप्रिलनंतरची” अशी अट घातली, की पावती नसलेले लोक पुन्हा गळतात, कारण नल कुठल्याच तारखेनंतर येत नाही. जमेवरची अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या ओळीतच लिहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढच्या प्रकारात. समजा खाते 214. त्यावर तीन बिलं आहेत: 4,200, 1,850 आणि 2,950 रुपये. एकूण 9,000. ऊसबिल आल्यावर त्याने दोनदा पैसे भरले, 3,000 आणि 2,000. जमा 5,000, बाकी 4,000. हे तोंडी करता येतं. आता क्वेरीत खातेदाराला बिलं जोडली, त्याच ओळीखाली जमाही जोडली आणि बेरीज मागितली. कॉम्प्युटरला कुठली पावती कुठल्या बिलाची हे माहीत नाही. त्याला फक्त खातेक्रमांक दिसतो, म्हणून तो प्रत्येक बिल प्रत्येक पावतीशी जोडतो. तीन दुणे सहा ओळी. प्रत्येक बिल दोनदा मोजलं गेलं, बेरीज 18,000. प्रत्येक पावती तीनदा, बेरीज 15,000. बाकी 3,000.

हा आकडा नीट बघा. तो खोटा वाटत नाही. बाकी वीस लाख आली असती तर कुणीही थांबलं असतं. 3,000 आली तर माणूस तेवढीच मागतो आणि दुकानाचे हजार रुपये जातात. शिवाय ज्याचं एकच बिल आणि एकच पावती आहे, त्याचा हिशोब याच क्वेरीत अगदी बरोबर येतो. म्हणून दोन-चार छोटी खाती तपासून रिपोर्ट बरोबर आहे असं धरू नका. जास्त उलाढालीचं खातं घ्या.

काही जण ओळी दुप्पट दिसल्या की डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्यांपैकी एकच ठेवणारा शब्द, लावतात. ते करू नका. एकाच शेतकऱ्याची 1,850 ची दोन वेगळी बिलं असतील तर रकमेवर डिस्टिंक्ट लावल्याने त्यातलं एक मोजलंच जात नाही. खरा उपाय असा: आधी प्रत्येक टेबलाची खातेक्रमांकवार बेरीज करा आणि मग जोडा. म्हणजे एका खात्याला बिलांची एकच ओळ आणि जमेची एकच ओळ भेटते. (कीवर्ड इंग्रजीतच टाइप करायचे, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत दिले आहेत. ख, ब, ज ही खातेदार आणि दोन बेरजांची छोटी नावं.)

सिलेक्ट ख.खातेक्रमांक, ख.नाव,
कोअलेस(ब.एकूण, 0) - कोअलेस(ज.एकूण, 0)
फ्रॉम खातेदार ख
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट खातेक्रमांक, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण फ्रॉम बिले ग्रुप बाय खातेक्रमांक) ब
ऑन ब.खातेक्रमांक = ख.खातेक्रमांक
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट खातेक्रमांक, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण फ्रॉम जमा ग्रुप बाय खातेक्रमांक) ज
ऑन ज.खातेक्रमांक = ख.खातेक्रमांक

नवीन जोडणी लिहिताना आमच्याकडे सगळे एकच प्रश्न आधी विचारतात: इकडच्या एका ओळीला तिकडच्या किती ओळी भेटणार? उत्तर “एक” असेल तर बिनधास्त जोडा. “अनेक” असेल आणि अशी दोन टेबलं एकाच वेळी जोडत असाल, तर आधी बेरीज.

नावावरून जोडू नका, ही आमची कळकळीची विनंती. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. गावाच्या नावातही फसगत होते. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या तुलनेत कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एकाने दुकानात टाइप केलं, दुसऱ्याने मोबाइलवर, की जोडणी तुटली. गावांसाठी आम्ही वेगळं टेबल आणि गावक्रमांक दिला आहे, तो वापरा.

मागच्या वर्षीची बिलं जुन्या टेबलात आणि यंदाची नव्या टेबलात असतील तर तिथे जॉइन नको, युनियन हवं. जॉइन टेबलं शेजारी-शेजारी ठेवतं, युनियन एकाखाली एक. मात्र युनियन ऑल लिहा. नुसतं युनियन हुबेहूब सारख्या ओळींपैकी एकच ठेवतं. बिल क्रमांक घेतला नसेल तर एकाच दिवशी एकाच खात्यावरची सारख्या रकमेची दोन बिलं एक होऊन जातात.

एवढं करूनही आकडा पटला नाही तर आम्हाला फोन करा. फोन करण्याआधी एक खातं निवडून त्याची बाकी कागदावर मांडा आणि खातेक्रमांक, तो कागद व तुमची क्वेरी असं तिन्ही पाठवा. क्वेरीचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा.