क्वार्टरबॅकचा करार आणि वितळता बर्फ

८ सप्टेंबर २०२४ रोजी, नव्या हंगामातला पहिला सामना सुरू व्हायला काही तास उरले असताना, डलास काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाने आपला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचा करार चार वर्षांनी वाढवला. रक्कम होती २४ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ६ कोटी, आणि इतकी वार्षिक सरासरी त्या खेळात तोवर कोणालाही मिळालेली नव्हती. या संघाचे मुख्यालय टेक्सासमधील फ्रिस्को शहरात आहे आणि माझा भाचा तिथेच राहतो. त्या रविवारी त्याचा फोन आला तो तणतणतच. ‘‘मामा, ज्याने संघाला एकदाही सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले नाही, त्याला सहा कोटी? तो खरोखर इतक्या किमतीचा आहे का?’’ काउबॉइजनी सुपर बोल शेवटचा जिंकला तो जानेवारी १९९६ मध्ये, तेव्हा त्याचा संताप मला समजत होता. पण त्याचा प्रश्नच चुकला होता, आणि ही चूक वर्तमानपत्रेही रोज करतात. अशा करारातील आकडा खेळाडूची ‘किंमत’ सांगत नाही. बोलणी फिसकटली तर कोणाचे किती नुकसान होईल आणि वाट पाहणे कोणाला किती परवडेल, हे तो आकडा सांगतो.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, एवढे सुरुवातीलाच सांगायला हवे. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन सुरू होते, आणि तो कोणाकडे फेकायचा किंवा कोणाच्या हाती द्यायचा हे त्याला बहुधा तीन सेकंदांच्या आत ठरवावे लागते. हे काम उत्तम करणारी माणसे एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या बत्तीस संघांनाही पुरत नाहीत, म्हणून त्यांचे पगार बाकीच्यांहून कितीतरी वर असतात. तरीही टंचाई हे पूर्ण उत्तर नाही. आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला नोव्हेंबर २०२४ मध्ये २७ कोटी रुपये मिळाले, कारण एकाच वेळी अनेक संघ त्याच्यासाठी बोली लावू शकत होते. करारवाढीत तसे नसते. खेळाडू अजून कराराने बांधलेला असतो, दुसऱ्या संघाला त्याच्याशी बोलण्याची मुभा नसते, आणि संघाकडेही त्याच्या तोडीचा दुसरा क्वार्टरबॅक नसतो. विकणारा एक आणि घेणाराही एकच. अशा ठिकाणी मागणी आणि पुरवठ्याच्या शालेय आलेखातून किंमत निघत नाही. निघते ती फक्त एक पट्टी, जिच्या खाली खेळाडू येणार नाही आणि जिच्या वर संघ जाणार नाही. त्या पट्टीत बोट नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरतो.

गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. पण मला मोह आहे तो अर्थशास्त्रज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांच्या १९८२ मधील उत्तराचा, आणि वाचकाने त्यासाठी थोडी आकडेमोड सोसावी अशी विनंती आहे.

पहाटेच्या मासळी बाजारात दोन कोळणींनी मिळून बर्फाची १०० किलोची लादी घेतली आहे अशी कल्पना करा. गोणपाट बाजूला केले आहे, लादीखाली पाण्याचे थारोळे वाढते आहे, आणि करवत कुठे लावायची यावर दोघींचे एकमत होत नाही. पहिली प्रस्ताव मांडते आणि दुसरी तो स्वीकारते किंवा नाकारते. नाकारला तर प्रस्ताव मांडण्याची पाळी दुसरीची, पण तोवर दहा टक्के बर्फ वितळलेला असतो. समजा अशा तीनच फेऱ्या होणार आहेत. आता हिशेब शेवटापासून मागे यायचा. तिसऱ्या फेरीत ८१ किलो बर्फ उरेल आणि पाळी पहिलीची असेल. नाही म्हटले तर दुसरीच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून पहिली सगळे ८१ किलो घेईल. हे दुसरीला ठाऊक असल्याने दुसऱ्या फेरीत उरलेल्या ९० किलोंपैकी ८१ ती पहिलीला देऊ करील आणि स्वतःकडे ९ ठेवील. आणि हे पहिलीलाही ठाऊक असल्याने पहिल्याच फेरीत ती दुसरीला ९ किलो देऊन ९१ स्वतः घेईल. ना आरडाओरडा, ना भांडण. ज्या फेऱ्या कधी झाल्याच नाहीत त्यांच्या सावलीनेच वाटणी ठरली.

फेऱ्यांना शेवट नसेल तर हिशेब आणखी सुंदर होतो. प्रस्ताव मांडणारीचा वाटा ‘क्ष’ धरू. ऐकणारीने नकार दिला तर पुढच्या फेरीत तीच मांडणारी होईल, पण तेव्हा बर्फ नव्वद टक्केच उरेल, म्हणून तिला आत्ताच ०.९ क्ष मिळाले तर ती राजी होईल. दोन्ही वाटे मिळून पूर्ण लादी होते, म्हणून १.९ क्ष = १, आणि क्ष साधारण ५२.६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे.

खरी गंमत पुढे आहे. पहिलीची मासळी अजून होडीतच आहे, तर दुसरीची टोपलीत पडून खराब होऊ लागली आहे. दर फेरीला पहिलीच्या लेखी बर्फाचे मोल १० टक्क्यांनी घटते, दुसरीच्या लेखी २० टक्क्यांनी. अशा वेळी प्रस्ताव मांडणारीचा वाटा काढायचा तर एकातून ऐकणारीचा शिल्लक-गुणक (एका फेरीनंतर तिच्या लेखी उरणारे मोल; पहिलीचा ०.९, दुसरीचा ०.८) वजा करायचा आणि त्याला, एकातून दोन्ही गुणकांचा गुणाकार वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे. पहिली आधी बोलली तर तिला (१ − ०.८) ÷ (१ − ०.७२), म्हणजे ७१.४ टक्के मिळतात. दुसरी आधी बोलली तरी पहिलीला ६४.३ टक्के मिळतातच. दोघींच्या अधीरतेत फरक दहा टक्क्यांचा, आणि वाटणीत मात्र जवळजवळ दुप्पट ते अडीचपट. आपल्याकडे ‘थांबला तो संपला’ असे म्हणतात. या समीकरणात नेमके उलटे घडते.

फुटबॉलपटूचा बर्फ दोन वाटांनी वितळतो. एक वाट काळाची, कारण त्याची कारकीर्द छोटी असते. दुसरी दुखापतीची. केन बिनमोर, रुबिनस्टाइन आणि अ‍ॅशर वोलिन्स्की यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की बोलणी अकस्मात मोडण्याची शक्यता गणितात अधीरतेसारखीच वागते. केवळ उदाहरणासाठी काळाची घट ५ टक्के आणि मोठ्या दुखापतीची शक्यता १० टक्के धरली, तर खेळाडूचा गुणक ०.९५ × ०.९०, म्हणजे ०.८५५ होतो. संघाचा ०.९५ राहिला, तर वरच्या सूत्राने वादातल्या रकमेचा सुमारे पाव हिस्साच खेळाडूच्या पदरी पडतो. मग प्रेस्कॉटला इतके मिळाले कसे? याचे उत्तर, संघाचा बर्फही वितळत होता आणि तो वितळण्याची व्यवस्था लीगच्या नियमांतच होती, हे आहे.

प्रेस्कॉटची निवड २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, चौथ्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर झाली आणि त्याचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे २७ लाख डॉलरचा होता. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन क्रमांकांवर निवडल्या गेलेल्या जॅरेड गॉफ आणि कार्सन वेंट्झ यांनी २०१९ मध्ये प्रत्येकी चार वर्षांची करारवाढ मिळवली, अनुक्रमे १३ कोटी ४० लाख आणि १२ कोटी ८० लाखांची. असा प्रत्येक करार पुढच्याची पायरी होतो, त्यामुळे डलास जितके थांबत गेले तितकी पायरी वर सरकत गेली. २०२० मध्ये संघाने ‘फ्रँचाइझ टॅग’ हे हत्यार उपसले. या नियमाने संघाला खेळाडू एक वर्षासाठी अडवून ठेवता येतो, पण त्याच जागी खेळणाऱ्यांच्या सर्वोच्च पगारांवरून ठरणारी रक्कम पूर्ण हमीने मोजावी लागते. प्रेस्कॉटसाठी ती ३ कोटी १४ लाख होती. टॅग दुसऱ्यांदा लावला तर रक्कम १२० टक्के होते, आणि क्वार्टरबॅकला तिसऱ्यांदा लावायचा तर त्याच्याही १४४ टक्के. म्हणजे अडवून ठेवणे वर्षागणिक महाग होत जाते. संघाला करार पाच वर्षांचा हवा होता आणि प्रेस्कॉट चारांवर अडून बसला होता. दीर्घ करार करण्याची १५ जुलैची मुदत टळली आणि बोलणी थांबली.

११ ऑक्टोबर २०२० रोजी न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात त्याचा उजवा घोटा निखळला आणि मोडला. पाच सामन्यांत १८५६ यार्डांची फेक करणारा खेळाडू गाडीवरून मैदानाबाहेर नेला गेला. गणिताच्या दृष्टीने पाहता, जी दहा टक्क्यांची भीती कागदावर होती ती प्रत्यक्षात उतरली होती. तरीही पाच महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, त्याला चार वर्षांचे १६ कोटी मिळाले आणि त्यातील १२ कोटी ६० लाख हमीचे होते.

याची कारणे दोन. त्याच्याविना संघाची काय अवस्था होते हे उरलेल्या हंगामात सर्वांनी पाहिले. डलासचा शेवट सहा विजय आणि दहा पराभवांवर झाला. दुसरे कारण हिशेबवहीतले आहे आणि अनेक क्रीडाप्रेमी ते वगळून पुढे जातात. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वार्षिक मर्यादा असते. २०२० मध्ये ती १९ कोटी ८२ लाख होती आणि करोनामुळे प्रेक्षकांकडून येणारे उत्पन्न बुडाल्याने २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर घसरली. दुसऱ्यांदा टॅग लावला असता तर सुमारे ३ कोटी ७७ लाख एकाच वर्षात मोजले गेले असते, म्हणजे एका माणसापायी मर्यादेचा पाचवा हिस्सा संपला असता. त्याऐवजी करारात ६ कोटी ६० लाखांचा सायनिंग बोनस ठेवला गेला. हा बोनस खेळाडूच्या खात्यात लगेच जमा झाला तरी मर्यादेच्या हिशेबात तो कमाल पाच वर्षांत समान वाटता येतो. म्हणून २०२१ च्या खात्यात त्याचे फक्त १ कोटी ३२ लाख आणि त्या वर्षीच्या पगाराचे ९० लाख लागले, एकूण २ कोटी २२ लाख. प्रेस्कॉटला पहिल्याच वर्षी साडेसात कोटी मिळाले आणि संघाच्या वहीत त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी दिसले. चार वर्षांच्या कराराचा बोनस पाचांत कसा वाटला, असे कोणी विचारील. त्यासाठी कराराच्या शेवटी, जी कधी खेळायचीच नाहीत अशी पोकळ वर्षे नुसती कागदावर जोडली होती.

रुबिनस्टाइन यांच्या गणितात मात्र एक उणीव आहे. त्यानुसार दोन शहाणी माणसे पहिल्याच प्रस्तावावर हात मिळवतात. डलासमध्ये दोन वर्षे गेली. सूत्रात दोन्ही बाजूंना एकमेकांचे गुणक ठाऊक असतात, प्रत्यक्षात कोणालाच नसतात, आणि ‘मी थांबू शकतो’ हे पटवून देण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे खरोखर थांबणे. शिवाय अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवले की मुदत ठरलेली असली की सौदे शेवटच्या क्षणांत गर्दी करतात. ८ सप्टेंबरची ती सकाळ याच गर्दीतली होती.

त्या सकाळी संघाच्या हाती हत्यारच उरले नव्हते. २०२१ च्या करारात प्रेस्कॉटने दोन कलमे मागून घेतली होती. त्याला पुन्हा टॅग लावता येणार नव्हता आणि त्याच्या संमतीविना दुसऱ्या संघाकडे पाठवता येणार नव्हते. तो मोकळा होऊन गेला असता तरी पोकळ वर्षांतले सुमारे ४ कोटी डॉलर पुढच्या वर्षी संघाच्या मर्यादेत, तो संघात नसताना, मोजले गेले असते. चार वर्षांचा हट्टही इथे कामी आला. पाच वर्षांचा करार असता तर २०२४ चा हंगाम संपल्यावरही एक वर्ष उरले असते आणि संघाला घाई नसती. आधीचा हंगामही त्याचा जोरात गेला होता. २०२३ मध्ये टचडाउनच्या, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या, ३६ फेकींसह तो लीगमध्ये पहिला होता. २४ कोटींपैकी २३ कोटी १० लाख हमीचे मिळाले ते या सगळ्यामुळे.

दोनच महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अटलांटात त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला आणि त्याचा हंगाम संपला. लगेच ‘इतक्या मोठ्या कराराला दृष्ट लागते’ किंवा ‘पैसा हाती आला की खेळाडू ढिलावतो’ अशी विधाने ऐकू आली. यात दृष्टीचा काही संबंध नाही. मोठे करार होतात ते खेळाडूच्या सर्वोत्तम वर्षानंतर, आणि सर्वोत्तम वर्षात कौशल्याइतकीच नशिबाचीही साथ असते. पुढचे वर्ष सरासरीकडे परतते, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीवरून दाखवले होते. दृष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी मोठ्या कराराविना जखमी झालेल्यांची यादी एकदा करून पाहावी. त्या यादीत २०२० चा प्रेस्कॉटही सापडेल.

फुगवलेल्या मथळ्यांचेही तसेच. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याच्या २०२० मधील करारवाढीचे ‘४५ कोटी’ जगभर गाजले, पण ते दहा वर्षांचे होते. समान हप्ते आणि पाच टक्के व्याजदर धरला तर करारावेळच्या मोलाने ते सुमारे ३५ कोटी भरतात, आणि तेही सगळे हप्ते मिळाले तरच.

मार्च २०२५ मध्ये डलासने प्रेस्कॉटच्या त्या वर्षीच्या पगारातील सुमारे साडेचार कोटी डॉलर बोनसमध्ये बदलून पुढच्या वर्षांवर पसरले. त्या हंगामात मर्यादेखाली साडेतीन कोटींहून अधिक जागा मोकळी झाली आणि तेवढाच बोजा पुढे सरकला. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे पुढच्या वेळीही संघच घाईत असणार.’’