गुडघेदुखीसाठी पट्टा घेताय? आधी हे वाचा

आमच्या दुकानात पाऊल टाकल्यावर बरेच जण पहिल्यांदा एवढंच म्हणतात, "गुडघ्याचा चांगल्यातला पट्टा दाखवा." पण चांगल्यातला म्हणजे महागातला नव्हे. गुडघा नेमका कुठे दुखतो, पाय सरळ आहे की बाकलेला, आणि दिवसभरात तुम्हाला काय काय करावं लागतं, यावर तुमचा पट्टा ठरतो. काही शे रुपयांच्या नी कॅपने ज्याचं काम भागतं त्याला काही हजारांचा ब्रेस द्यायची आमची इच्छा नाही. आणि ज्याला ब्रेसच लागतो त्याने नुसत्या नी कॅपवर वर्ष काढू नये.

झीज कुठे झाली आहे, त्यावर सगळं

वयपरत्वे होणाऱ्या झिजेच्या संधिवाताबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल, आपण बोलतोय. गुडघ्याचे तीन भाग धरा: दुसऱ्या गुडघ्याकडची आतली बाजू, बाहेरची बाजू, आणि पुढे वाटीच्या मागचा भाग. झीज बहुतेक वेळा आतल्या बाजूला आधी होते, कारण चालताना भाराचा मोठा वाटा तिथूनच जातो. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली की पाय हळूहळू गुडघ्यात बाहेर बाकतो. पाय बाकला की आतल्या बाजूवर आणखी भार येतो, आणि भार वाढला की झीजही वाढते.

हा भार किती असतो याचा अंदाज अनेकांना नसतो. सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या जवळ जातो. म्हणजे 60 किलो वजनाच्या बाईंच्या गुडघ्यावर पायरी उतरताना 200 किलोच्या आसपास भार. म्हणूनच "चढायला काही नाही हो, उतरताना जीव जातो" असं आम्ही रोज ऐकतो.

तीन प्रकार

साधी नी कॅप म्हणजे विणलेल्या इलॅस्टिकची किंवा निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या कापडाची, नळी. ती हाडांवरचा भार कमी करत नाही. ती गुडघ्याला ऊब देते, हलका दाब देते, आणि गुडघा कोणत्या स्थितीत आहे याची जाणीव वाढवते. त्यामुळे पाऊल टाकताना धीर येतो. झीज थोडी असेल, थंडीत आणि पावसाळ्यात गुडघा आखडत असेल, तर इथूनच सुरुवात करा. दुखणं पुढे, वाटीपाशी असेल, बराच वेळ बसून उठताना किंवा जिन्यावर कळ येत असेल, तर वाटीच्या जागी गोल भोक आणि त्याभोवती गादी असलेली कॅप घ्या.

दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागरी असलेला हिंज्ड ब्रेस त्यापुढचा. चालताना गुडघा अचानक सटकतो, दगा देतो, अशी तक्रार असेल तर हा उपयोगी पडतो.

तिसरा अनलोडर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा 'ओए ब्रेस' (ओए म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस) असं लिहिलेलं असतं. हा तीन ठिकाणी जोर लावतो. आतल्या बाजूची झीज असेल तर गुडघ्याला बाहेरून आत ढकलतो, आणि मांडीला व पोटरीला आतून बाहेर. पाय किंचित सरळ होतो आणि आतल्या कप्प्यावरचा काही भार बाहेरच्या कप्प्याकडे जातो. सगळा भार जात नाही, पण बाजारातून पिशवी घेऊन घरापर्यंत न थांबता येण्याइतका फरक अनेकांना पडतो. दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या असतील तर मात्र भार सरकवून फायदा होत नाही. म्हणून अनलोडर आम्ही अस्थिरोग तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय आणि उभं राहून काढलेल्या एक्स-रेशिवाय देत नाही. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. हा ब्रेस डाव्या-उजव्या पायाचा वेगळा असतो, आतल्या-बाहेरच्या झिजेचाही वेगळा असतो. शेजारच्या काकूंचा मागून आणून घालू नका.

मांडीपासून पोटरीपर्यंत पाय ताठ ठेवणारा लाँग नी ब्रेस हा दुखापतीनंतर किंवा ऑपरेशननंतर वापरायचा. तो घरात पडून आहे म्हणून संधिवाताला वापरला तर गुडघा उलट आखडतो. चुंबकाचे पट्टे आमच्याकडे मिळणार नाहीत. चुंबकाने झीज किंवा दुखणं कमी होतं हे सिद्ध झालेलं नाही. आणि कोणताही पट्टा, अगदी आम्ही विकतो तोसुद्धा, झिजलेली कूर्चा परत आणत नाही.

माप आणि घालायची पद्धत

"लार्ज द्या" म्हणून पट्टा नेला की तो घसरतो नाहीतर रुततो. आम्ही वाटीच्या मध्यावर टेप लावतो, मग तिथून वर मांडीवर आणि खाली पोटरीवर ठरावीक अंतरावर माप घेतो. हे अंतर प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं, बहुतेक 15 सेंटिमीटर. टेप कातडीला टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. मापं दोन आकारांच्या मध्ये आली तर दोन्ही घालून, दुकानात फेऱ्या मारून पाहा. आमची हरकत नाही.

घालताना खुर्चीच्या कडेवर बसा, गुडघा थोडा वाकलेला ठेवा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत आला पाहिजे. बहुतेक हिंज्ड आणि अनलोडर ब्रेसचा पोटरीचा पट्टा आधी लावायचा, पोटरी जिथे फुगते त्याच्या वर, मग मांडीचे. उलट क्रमाने लावला की दहा पावलांत ब्रेस घोट्याकडे निघतो आणि माणूस म्हणतो, पट्टाच वाईट. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत. मग उभे राहा, थोडं चाला आणि पट्टे पुन्हा एकदा ओढून घ्या. पावलाला मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर झाली तर लगेच सैल करा.

ब्रेस अंगालगत घालायचा, साडी किंवा पायजम्यावरून नाही. घामाने खाज सुटत असेल तर आत सुती पातळ बाही घाला. मांडी घालून किंवा उकिडवं बसायच्या आधी ब्रेस काढा. गुडघ्यामागे त्याची घडी पडते आणि कातडी सोलते. खरं तर झिजलेल्या गुडघ्याने उकिडवं बसणं जितकं टळेल तितकं बरं. संडासात कमोडची सोय होत असेल तर ती आधी करा, ब्रेस नंतर घेतलात तरी चालेल.

पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवा. ब्रेस चालण्यासाठी, उभ्याच्या कामासाठी आहे. बसल्यावर काढा, झोपताना तर काढाच. रात्री कातडी बघा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर हे रोजचं काम समजा, कारण रुतलेलं तुम्हाला कळणार नाही. शिरा फुगल्या असतील किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही घट्ट पट्टा नको.

धुताना वेल्क्रो बंद करा, निघत असतील तर धातूच्या पट्ट्या काढा, साध्या पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा.

नुसत्या पट्ट्यावर भागत नाही

ब्रेस कोणाला द्यावा याबाबत तज्ज्ञांचंही एकमत नाही, आणि हे तुम्हाला माहीत असावं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनात, ज्यांना गुडघ्यामुळे चालणं, सांध्याची स्थिरता किंवा वेदनेचा बराच त्रास आहे त्यांना ब्रेसची ठाम शिफारस केली. इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेने 2022 मध्ये मात्र सरसकट ब्रेस देऊ नका असं सांगितलं: सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीचा पडत असेल आणि आधाराशिवाय व्यायाम जमत नसेल, तेव्हाच. व्यायाम दोघांनीही वर ठेवला आहे. आमचंही मत तेच. ब्रेसमुळे चालणं आणि व्यायाम जमायला लागला तर पैसे सार्थकी लागले.

मांडीच्या पुढच्या स्नायूपासून सुरुवात करा. पलंगावर पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दोन्ही पायांनी. टीव्ही बघतानाही होतं. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. काठी घेतलीत तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. एकाच पायाला त्रास असेल तर जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठीची लाज बाळगू नका.

अशी लक्षणं असतील तर पट्टा घेऊ नका, डॉक्टरांकडे जा

गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि सोबत ताप. पडल्यावर पायावर भार टाकता येत नाही. गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही. किंवा एकाच पोटरीला अचानक सूज आणि कळ. अशा वेळी आम्ही तुम्हाला पट्टा न देता परत पाठवू, राग मानू नका.

माप द्यायला येताना गुडघ्याच्या वरपर्यंत सहज सरकेल असा सैल पायजमा किंवा परकर घाला. डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि रोज वापरता त्या चपला आणा. आधीचा पट्टा असेल तर तोही आणा, कुठे झिजलाय ते बघून पुष्कळ कळतं. घरातल्या मोठ्या माणसांसाठी घेत असाल तर त्यांनाच घेऊन या. दुकानाचा जिना चढणं त्यांना शक्य नसेल तर आधी फोन करा, आम्ही टेप घेऊन खाली येतो.