आधी सूचना, मग परवानगी, पुन्हा सूचना : लहान घरांच्या बांधकाम मंजुरीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान भूखंडावर स्वतःपुरते घर बांधणाऱ्यासाठी एक वेगळी, जवळची वाट काढून दिली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचे असेल तर आवश्यक कागदपत्रांसह नकाशे सादर केल्याची पोच आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाईल, आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाची परवानगी दहा दिवसांत दिली जाईल, असे या तरतुदीचे सार आहे. ‘आता परवानगीची गरजच नाही’ असा तिचा तेव्हा गाजावाजा झाला. तो अर्धाच खरा होता. सामासिक अंतरे (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), उंची, चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) यांपैकी कशातूनही घरमालकाची सुटका झाली नव्हती. हे नियम पाळले जात आहेत की नाहीत हे बांधकामापूर्वी कोणी तपासायचे, एवढेच बदलले होते. शिवाय हा बदल वाटतो तेवढा नवा नाही. आपल्याकडील बांधकामविषयक कायद्याची सुरुवातच मुळी परवानगीने नव्हे, तर सूचनेने झाली होती.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ उघडला की हे लक्षात येते. नवी इमारत बांधू इच्छिणाऱ्याने कलम ३३७ खाली आयुक्तांना आपल्या इराद्याची सूचना द्यायची, आणि असलेल्या इमारतीत वाढ अथवा फेरफार करायचा असेल तर ती सूचना कलम ३४२ खाली द्यायची. तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही, तर मालकाने काम सुरू करावे, असे कलम ३४५ सांगते. म्हणजे मालकाचा हक्क गृहीत धरलेला, हरकत घेण्याची जबाबदारी पालिकेची, आणि तीही मुदतीत. मुंबईत आजही बांधकामाशी संबंधित प्रत्येकाच्या तोंडी असलेला ‘आयओडी’ (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) हा शब्द याच रचनेतून आला आहे. कलम ३४६ खाली आयुक्त आपली नापसंती कळवतात आणि कोणत्या अटी पाळल्यास काम करता येईल ते सांगतात. ज्या कागदासाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळतात आणि जो हाती पडला की पेढे वाटतात, त्या कागदाचे अधिकृत नाव ‘नापसंतीची सूचना’ असावे, ही आपल्या प्रशासकीय भाषेतील एक मौजच म्हणायची.

मात्र सूचनेवर भागवण्याचा हा काळ फार टिकला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीच्या वस्त्यांतील अंधाऱ्या, वारा न फिरणाऱ्या खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये कायदा करून मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. समोरच्या इमारतीमुळे खोलीतला उजेड अडू नये यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम या मंडळाने आणला. इमारतीची उंची आणि तिच्यापुढील मोकळी जागा यांचे गणित त्यातून ठरू लागले. आज नकाशावर आखल्या जाणाऱ्या सामासिक अंतरांमागे हाच विचार आहे. घर कसे बांधावे ही केवळ मालकाची खासगी बाब नाही, शेजाऱ्याच्या श्वासाशी तिचा संबंध आहे, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर नुसती सूचना पुरेशी ठरेना.

निर्णायक वळण आले ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मुळे. हा कायदा ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला आणि त्यातील ‘विकास’ या शब्दाची व्याख्या ब्रिटनच्या १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या वळणाची आहे. बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम, इतकेच नव्हे तर जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातील ठळक बदल, हे सारे या व्याख्येत येते, आणि कलम ४३ नुसार असे काहीही नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही. १८८८ च्या कायद्यातला मालक ‘मी बांधणार आहे’ असे कळवत होता. १९६६ च्या कायद्यातला मालक ‘मी बांधू का?’ असे विचारू लागला. त्याच कलम ४३ मध्ये एक सूटही आहे : ज्या कामाचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो किंवा ज्यामुळे तिच्या बाह्य स्वरूपात ठळक फरक पडत नाही, अशा देखभालीच्या व सुधारणेच्या कामाला परवानगी लागत नाही, वारसा इमारती मात्र या सवलतीबाहेर आहेत. ही शब्दरचनाही १९४७ च्या ब्रिटिश कायद्यातून आलेली आहे. आज किरकोळ नूतनीकरणासाठी जी सवलत नवी म्हणून सांगितली जाते, तिचे मूळ असे जुने आहे.

विलंबावरचा उपायही या कायद्यात पहिल्यापासून होता. कलम ४५ च्या पोटकलम ५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. या ‘मानीव परवानगी’चा लहान घरमालकाला कितपत उपयोग झाला, हे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, प्राधिकरणाने काही माहिती किंवा कागद मागितला असेल, तर साठ दिवस त्याचे उत्तर मिळाल्यापासून मोजायचे. त्यामुळे एकोणसाठाव्या दिवशी निघालेले एक त्रुटीपत्र घड्याळाचे काटे पुन्हा शून्यावर आणते. दुसरी अशी की, प्रस्ताव नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच मानीव परवानगी टिकते, आणि तो सुसंगत आहे असे लिहून द्यायला कोणी नाही. कर्ज देणारी बँक छापील मंजुरी आणि शिक्क्याचा नकाशा मागते, कार्यालयाचे मौन तिला चालत नाही. नळजोडणीच्या वेळी आणि पुढे घर विकतानाही तेच. कायद्याने दिलेले हे हत्यार म्यानातच राहिले याचे कारण लोकांचे अज्ञान नव्हते, त्याला धार नव्हती.

दुरुस्तीच्या बाबतीत कायदा अधिक व्यवहारी राहिला आहे. मुंबईच्या अधिनियमातील कलम ३४२ मध्ये सूचनेची गरज नसलेल्या साध्या दुरुस्त्यांचे स्पष्टीकरण आहे आणि ते वाचनीय आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, संडास व मोरीची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप आणि नळ बदलणे, विजेची जोडणी, हे सारे विनासूचना करता येते. छप्परही बदलता येते, पण त्याच साहित्याचे. कौले काढून कौलेच घातली तर ती दुरुस्ती; कौलांच्या जागी पत्रे आले की ती दुरुस्ती राहत नाही. उतरते छप्पर काढून सपाट करणे, पोटमाळा घालणे किंवा वाढवणे, जोते अथवा जमीन खाली नेणे, भार पेलणारी भिंत किंवा खांब काढणे, लांबी-रुंदी-उंचीत बदल करणे, यांपैकी काहीही सवलतीत बसत नाही. पोटमाळ्याचा असा नावानिशी उल्लेख का, हे चाळीच्या खोलीत राहिलेल्याला सांगावे लागणार नाही. १९७० मध्ये प्रथम निघालेल्या आणि नंतर वेळोवेळी सुधारलेल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनेही खिडकी-दार उघडणे वा बुजवणे, आतील आडभिंत, खोटे छत, स्वतःच्या जागेवर पडणारा सज्जा अशा कामांना सूचनेतून वगळले आहे. सामान्य माणसाचा वाद सहसा या याद्यांशी नसतो. सज्जा ‘स्वतःच्या जागेवर’ पडतो की शेजाऱ्याच्या, यावर तो पेटतो.

नव्वदच्या दशकापर्यंत परवानगीचा अर्थ होता नकाशांचा गठ्ठा. नकाशावर भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, नवे काम लाल रंगाने भरून, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायचे, असा रंगांचा ठरलेला संकेत होता. सोबत सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर अभिन्यास (जमिनीचे भूखंड व रस्ते दाखवणारा आराखडा, म्हणजे ‘लेआउट’). हा गठ्ठा टेबलामागून टेबल सरकत जाई आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी पट्टी लावून तीच अंतरे नव्याने मोजी. पुढे संगणकावर काढलेला नकाशा आज्ञावलीनेच नियमांशी ताडून पाहण्याची पद्धत पुणे, मुंबई यांसारख्या महापालिकांत आली. प्रत्येक गोष्ट संगणकीय नकाशाच्या ठरलेल्या स्तरावर (‘लेअर’वर) आणि ठरलेल्या नावाने काढली नाही तर यंत्र नकाशा परत करू लागले, आणि नकाशा ‘पास करून देणाऱ्यांचा’ एक नवा व्यवसाय उभा राहिला. तरीही मोजमाप यंत्राने होऊ शकते हे सिद्ध झाले, आणि लहान घरांसाठी माणसाने तपासणी करायचीच कशाला, हा प्रश्न त्यानंतरच गांभीर्याने विचारला गेला.

त्या प्रश्नाला घाई आणली ती बाहेरून. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता अहवालात बांधकाम परवान्यांच्या निकषावर भारताचा क्रमांक २०१८ च्या अहवालात १८१ वा होता; तो २०१९ च्या अहवालात ५२ वा आणि २०२० च्या अहवालात २७ वा झाला. ही झेप मोजली गेली ती मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांत, आणि मोजण्यासाठी घेतलेली इमारत घर नव्हतीच. ते होते सुमारे १,३०० चौरस मीटरचे दुमजली गोदाम. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये हा अहवालच बंद केला. क्रमवारी गेली, पण तिच्या निमित्ताने रुजलेली एक कल्पना राहिली : प्रत्येक इमारतीची सारख्याच कसोशीने तपासणी करण्याऐवजी धोक्याच्या प्रमाणात तपासणी करावी. दिल्लीने २०१६ च्या उपविधींत १०५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांना हमीपत्र आणि शुल्कावर मोकळीक दिली. तेलंगणाने २०२० मध्ये ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घराला नुसत्या नोंदणीवर सोडले. तमिळनाडूने २०२४ मध्ये २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांसाठी स्वयंप्रमाणन सुरू केले.

महाराष्ट्रातील २०२० च्या नियमावलीचे वैशिष्ट्य तिच्या व्याप्तीत आहे. तोवर शहरागणिक नियमावली वेगळी होती. एका महापालिकेच्या हद्दीत चालणारा जिना शेजारच्या हद्दीत चालत नसे. नव्या नियमावलीने बृहन्मुंबई आणि इतर काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर एकच नियम आणले, आणि त्यांत लहान घरांची ही जवळची वाट घातली. पावतीच परवानगी होणार असल्याने नकाशावर सही करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याचे किंवा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र हा या व्यवस्थेचा कणा झाला. ज्या गोष्टी पूर्वी पालिकेचा कनिष्ठ अभियंता पाहत असे, त्यांची हमी आता मालकाने पैसे देऊन नेमलेली व्यक्ती देते. यात हितसंबंधांचा प्रश्न आहे, हे उघड आहे. पण जुन्या पद्धतीत तो नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. मुंब्र्याजवळ शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ७४ जणांचा बळी घेणारी इमारत परवानगीविनाच उभी राहिली होती. परवानगीची पद्धत कडक होती, म्हणून काही तिचे बांधकाम थांबले नव्हते.

गावांची कहाणी वेगळी आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार बांधकामाला पंचायतीची परवानगी लागे, तर प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रात १९६६ च्या कायद्याचे कलम १८ जिल्हाधिकाऱ्यांकडे बोट दाखवी. लोक पंचायतीचे ना-हरकत पत्र घेऊन घर बांधत आणि काही वर्षांनी ते घर अनधिकृत असल्याचे त्यांना कळे. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामासाठी मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि आराखडा नियमानुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीला सादर करावे. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनेच दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावी दोन-चार परवानाधारक असतील तर ती चालते. जिथे एकच आहे, तिथे साहेबांच्या टेबलाची जागा त्याच्या टेबलाने घेतली.

आणि तरीही ज्यांना या वाटेची सर्वांत जास्त गरज आहे, ते तिच्या तोंडाशीच अडतात. १५० चौरस मीटर म्हणजे दीड गुंठ्याहून किंचित कमी. शहरांच्या कडेला नेमक्या याच मापाचे, एक-दीड गुंठ्याचे तुकडे गेली कित्येक दशके विकले गेले, १९४७ चा तुकडेबंदी कायदा डोळ्यांसमोर असताना, मंजूर अभिन्यासाशिवाय, अनेकदा नुसत्या साठेखतावर. त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला. त्यातील १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. अशा तुकड्याच्या मालकाला पोच-पावतीवर घर बांधता येत नाही, कारण पावतीसाठी जो भूखंड दाखवायचा तो कागदावर भूखंड म्हणून अस्तित्वातच नसतो. त्याने आधी प्रशमन शुल्क (नियमभंग माफ करून घेण्यासाठीचे शुल्क) आणि विकास आकार भरून तुकडा नियमित करून घ्यायचा, मोजणी करून नकाशा घ्यायचा, आणि मग परवानाधारक अभियंत्याकडे जायचे. शीघ्र मंजुरीचे दिवस त्यानंतर मोजायला सुरुवात होते.