पूर ओसरल्यावर विहिरीत पावडर कोणी टाकायची?

30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीचा पूर नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरला आणि 204 माणसं गेली. विदर्भात गावपातळीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आपत्ती प्रशिक्षणाचा विषय निघाला की जुनी माणसं अजून मोवाडपासूनच सुरुवात करतात. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर 14 वर्षांनी, 2005 मध्ये आला. साथरोगांसाठी 1897 चा कायदा होता, पण त्याने अधिकार दिले, हातातलं काम शिकवलं नाही.

खरा गुंता मात्र 1973 चा आहे. मलेरियाचा कर्मचारी, देवीची लस टोचणारा, कुटुंब नियोजनाचा माणूस अशी वेगवेगळी पदं मोडून एकच ‘बहुउद्देशीय’ कर्मचारी करावा, अशी शिफारस केंद्राच्या एका समितीने केली. एकाच घरी चार जणांनी चार वह्या घेऊन जाण्यापेक्षा हे बरं, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. मेळघाटातल्या पाड्यापर्यंत एक माणूस पोचणंही कठीण, तिथे चार कुठून पोचणार? तरीही मला हा निर्णय महागात पडलेला दिसतो. ‘बहुउद्देशीय’ म्हणता म्हणता पाणी आणि स्वच्छता उद्देशांच्या रांगेत शेवटी गेली. लसीकरणाचं, नसबंदीचं उद्दिष्ट असतं. न झालेल्या गॅस्ट्रोचं नसतं. पुढे ग्रामपंचायतीत गावचं पाणी सांभाळणारा जलसुरक्षक आला. आता पाणी शुद्ध करणारी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीने आणायची, पाण्यात जलसुरक्षकाने टाकायची आणि पाण्यात क्लोरीन उरलं का हे दाखवणारी ओटी टेस्ट आरोग्य सेवकाने, म्हणजे त्याच बहुउद्देशीय कर्मचाऱ्याने बघायची. रोजच्या दिवसात हे चालून जातं. पुराच्या दिवशी तिघेही एकमेकांची वाट बघतात.

काम तसं नेमकं आहे. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून लिटर काढायचे, चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरायची. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच विहिरीत सोडायची आणि तासभर थांबायचं. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून पुरानंतर हाच हिशेब पुरत नाही. आधी उपसा करावा लागतो. ओल लागलेली पावडरही निकामी होते. एवढं सगळं बैठकीत वाचून दाखवून हातात बसत नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपत्ती म्हणजे पूर आणि साथ एवढंच नव्हे हे कळलं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं वेढली. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यात कॉलरा झाला. नळाचं पाणी बंद पडलं होतं आणि लोक उघड्या विहिरीवर गेले होते. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात नळयोजना तपासली जाते. नळ बंद पडल्यावर गाव कोणत्या विहिरीवर जाईल, ती विहीरही त्याच वेळी मोजून, तिचे लिटर काढून ठेवायला हवेत.